होडीची डावी बाजू

साबाजी होडीच्या उजव्या बाजूला तेल लावत होता आणि मी माडाच्या आडोशाला उभी राहून बघत होते. माझ्या नवऱ्याचं, लवूचं, बारावं-तेरावं होऊन गेलं होतं. पाहुणे आपापल्या गावी गेले होते. माझी यमू शेजारणीकडे झोपली होती. घरात नुसतं बसवेना, म्हणून मी पहिल्यांदाच बाहेर पडले होते आणि पाय आपसूक किनाऱ्याकडे वळले होते.

पावसाळ्याआधी दरवर्षी ओढतात तशी होडी रेतीवर वर ओढून घेतली होती. खाली माडाचे ओंडके घालून ती उभी केली होती. शीड आणि डोलकाठी उतरवून ठेवली होती. माशाच्या तेलाचा उग्र वास सुटला होता. साबाजी काथ्याचा कुंचा मडक्यात बुडवी आणि फळीवर लांब ओढी. मागून पुढे येत येत तो नाळीपर्यंत, होडीच्या पुढच्या टोकापर्यंत आला आणि नाळीच्या बरोबर मधोमध त्याचा हात थांबला. तेलाचा एक ओघळ मधली रेघ ओलांडून डाव्या बाजूला उतरला. साबाजीने डोक्याचं फडकं काढलं आणि तेवढा ओघळ पुसून घेतला.

ते मी पाहिलं आणि पुढे फार दिवस विसरले नाही.

त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. तो उठून उभा राहिला.

"आमच्या बाजूचां झालां, वयनी."

"हां," मी म्हटलं.

"पाऊस औंदा लवकर येतलो असां दिसता."

"हां."

"तेल उरलां असा."

"बरां."

तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मी काही बोलेन असं त्याला वाटत असावं.  मग त्याने मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं, मडकं होडीच्या डाव्या अंगाखाली रेतीत नीट बसवलं आणि मान खाली घालून तो निघून गेला.

होडी दोघांची होती, माझ्या नवऱ्याची आणि साबाजी कुबलाची. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा ती नवी होती. माझं माहेर खाडीच्या आतल्या अंगाचं. तिकडे ज्याचं त्याचं लहान होडकं असायचं, एका माणसाने वल्हवायचं. वाट्याची होडी मी इथेच पाहिली. मला नवल वाटे. मी एकदा लवूला विचारलं होतं, "एका होडयेक दोन धनी कसले? एकट्यान घेवची, नायतर कोणाची भाड्यान घेवची."

लवू जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "एकट्यान घेवक गेलंय तर तुका विकूक लागतलां. तुका कोण घेता?"

"आणि भाड्याची?"

"भाड्याची होडी म्हणजे दुसऱ्याची म्हस. आपण चारूची, आपण धुवूची, आणि दूध तेच्या घरात." मग हसून म्हणाला, "अर्धी बरी गो. बुडली तर दोन घरां रडतली, पण वायच वायच रडतली."

तो असाच बोलायचा.

अर्धी म्हणजे खरंच अर्धी होती. नाळीपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध रेघ धरायची. डावी बाजू आमची, उजवी साबाजीची. समुद्रात होडी एक. मिळालेल्या माशांतला होडीचा वाटा दोन्ही घरांत सारखा. पण रेतीवर आली की ज्याने त्याने आपली बाजू सांभाळायची. फटीत कापूस ठोकायचा, तेल पाजायचं, फळी गेली तर बदलायची. दोन्ही बाजू झाल्या की नारळी पुनवेला दोन्ही घरांनी आपापल्या अंगाला खांदा लावून होडी पाण्यात घालायची. एक बाजू राहिली तर होडी घालायची नाही. एवढं मला माहीत होतं. बाकीचं पुरुषांचं पुरुषांत असे.

एका वर्षी साबाजीला ताप आला होता, मुदतीचा. अंथरुणातून उठवत नव्हतं. तेव्हा त्याची बायको जनी सकाळीच आमच्या दारात आली. हातात शेंडीचा नारळ.

"वयनी, ह्यो लवूभावजींका दी."

मी घेतला. लवू आला, नारळाकडे बघितलं, काही न बोलता कुंचा उचलून किनाऱ्यावर गेला आणि दिवसभर साबाजीच्या बाजूला तेल लावून आला. संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, "नारळ खंय गेलो?"

"सारात."

लवू इतका हसला की त्याला ठसका लागला. "बरां केलंस. साबाजीचो नारळ! गोड लागता मा?"

जेवणाची थट्टा करतोय असं मला वाटलं. मी त्याच्या ताटात आणखी सार वाढलं.

वैशाखाच्या अखेरीस, मोसम संपता संपता, वावटळ आली आणि शिडाचं आडवं लाकूड फिरून लवूच्या डोक्यावर बसलं. तो पाण्यात गेला. सुकाणूवर साबाजी होता. त्यानेच उडी मारली, त्यानेच लवूला वर घेतलं, आणि तो मेलेला आहे हे कळूनही त्याचं डोकं मांडीवर घेऊन किनाऱ्यापर्यंत आला. हे मला इतर खलाशांनी सांगितलं. साबाजी त्याबद्दल माझ्याशी कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही.

पाऊस पडला. होडीवर माडाचे झाप घातले होते, तरी डाव्या अंगाला समुद्र होता. तिकडून वारा आणि पाणी सरळ आत येई. उजवी बाजू काळी, तुकतुकीत. डावी राखेसारखी पांढुरकी पडत गेली. श्रावणात मी रोज वाट बघितली. मला वाटे, आज साबाजी येईल, उद्या येईल. लवूचा इतका जिवाचा दोस्त, चार कुंचे तेलाचे मारायला त्याला काय लागतं? नारळी पुनव आली. बाकीच्या होड्या वाजतगाजत पाण्यात गेल्या. आमची रेतीवरच राहिली.

त्या वर्षी साबाजी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला. मी डोक्यावर पाटी घेतली आणि मासे विकायला बाजारात बसू लागले.

गावात बोलणं सुरू झालं. बायका माझ्यापुढे गप्प राहत आणि मी पुढे गेले की बोलत. मी बाजाराला वरच्या वाटेने जाऊ लागले. खालची वाट होडीवरून जायची आणि तिथे साबाजी भेटेल अशी मला धास्ती असे. काय बोलायचं त्याच्याशी? माझी बाजू का सुकवतोस, असं विचारायचं? माझ्या तोंडून ते निघालं नसतं.

माझा भाऊ गुणाजी माहेराहून आला. तो होडीभोवती फिरून आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "भागे, तुका कळणा नाय. तेका तुझो वाटो फुकट व्हयो. डावी बाजू कुसली की तुका काय किंमत? मगे तो म्हणतलो, दी माका, लाकडाच्या भावान."

"तसो नाय तो."

"मगे कसो असा? ओघळ पुसलो म्हणून तूच सांगलंस मा?"

 सांगितलं मीच होतं.

जनी एकदा लिलावाच्या जागी माझ्या शेजारी पाटी टेकवून बसली. तिचं तोंड उतरलं होतं. इकडचं तिकडचं बोलून शेवटी हळूच म्हणाली, "वयनी, तू कायच बोलनस नाय गो. घरात हे वाट बघतत. तुझ्याकडसून कायतरी आयलां तर बरां होतलां."

माझं डोकं तापलेलंच होतं. "कसली वाट बघतत? मी वाटो कधी सोडतंय तेची?"

जनीने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिने पाटी उचलली आणि ती दुसरीकडे जाऊन बसली. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

उन्हाळा आला. दुपार कलली की ऊन डाव्या बाजूवर पडे ते सूर्य बुडेपर्यंत. लाकूड बिचारं पाण्यासाठी केलेलं. फळ्यांमधल्या फटी रुंदावल्या, कापूस सुकून लोंबू लागला. पावसाच्या तोंडावर साबाजी परत आला आणि त्याने परत आपल्या बाजूला तेल लावलं. मी लांबून बघितलं. परत नाळीच्या मधोमध थांबला. परत थोडा वेळ नुसता उभा राहिला, आमच्या घराकडे तोंड करून. मी दार लावून घेतलं.

त्याही पावसाचा जोर ओसरत आला.

दुसऱ्या नारळी पुनवेच्या आधी गुणाजी बाजारातल्या काशीनाथ शेटला घेऊन आला. शेट होड्या विकत घेऊन भाड्याने लावायचा. आमचा अर्धा वाटा तो घेणार, मग साबाजीकडून दुसरा अर्धा घेणार, असं गुणाजीने ठरवलं होतं. होडी बघायला धर्मा मेस्त्रीला बोलावलं होतं. वाटेकरी म्हणून साबाजीलाही निरोप गेला. होडी बघायची म्हटल्यावर आणखी दहा माणसं जमली.

धर्मा मेस्त्रीने आधी उजव्या बाजूवर हातोडी मारली. टणक आवाज आला. "ह्या अंगाक काय जाला नाय. धा वर्सां जायत." मग तो डाव्या बाजूला आला. हातोडीचा आवाज भोपळ्यावर मारल्यासारखा आला. त्याने फटीत पटाशी घातली. ती मुठीपर्यंत आत गेली. खालच्या फळीचा तुकडा त्याने नुसत्या बोटांनी मोडून काढला आणि शेटपुढे धरला.

"हयसर काय उरलां नाय. आतल्या वाकापर्यंत, बरगड्यांपर्यंत कुसली हा. ही बाजू नवी करूची म्हणजे नवीच होडी करूची."

काशीनाथ शेट म्हणाला, "गुणाजी, मी अर्धी होडी घ्यायला आलो होतो. ही तर अर्धी होडी आणि अर्धं सरपण निघालं."

माणसं हसली. गुणाजीला ते लागलं. तो साबाजीवर धावला.

"दोन पावसाळे बघत रवलंस! दोस्ताच्या बायलेची बाजू डोळ्यांदेखत कुसवलंस! वायच तेल लावलां असतंस तर हात झडले असते?"

साबाजीने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता. त्या दोन पावसाळ्यांत तो म्हातारा दिसायला लागला होता.

"वयनी, एक इचारू?"

"इचारा."

"तू नारळ कित्याक नाय धाडलंस?"

"कसलो नारळ?" मी म्हटलं.

साबाजीचं तोंड उघडं राहिलं. धर्मा मेस्त्रीने हातातली पटाशी खाली ठेवली.  मलाच काही कळत नव्हतं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

शेवटी मेस्त्री बोलला. लहान मुलाला सांगतात तसा, हळू.

"वाट्याच्या होडयेत दुसऱ्याच्या बाजूक असोच हात लावूचो नसता, बाय. लावलो तर ती बाजू हात लावणाऱ्याची जाता. मगे धन्याचो हक्क रवना नाय. पण धन्याच्या घरातसून नारळ आयलो, तर काम धन्याचां आणि हात नुसते आपले. वाटो रवता ज्याचो तेका."

मला जनी दिसली, दारात उभी, हातात शेंडीचा नारळ. मला लवूचा ठसका ऐकू आला. त्या नारळाचं मी सार केलं होतं, आणि तो हसला होता, आणि का हसला हे त्याने सांगितलं नव्हतं, कारण सांगायला उभा जन्म पुढे आहे असं तेव्हा दोघांनाही वाटत होतं.

"माका कोणी सांगूक नाय," मी म्हटलं.

"लवून सांगलां असतलां असां माका वाटलां," साबाजी म्हणाला.

"तुमी सांगूचां होतां, भावजी."

"मी कसां सांगू? नारळ मागूचो म्हणजे वाटोच मागल्यासारखो. मी तेल लावलंय असतंय तर सगळे म्हणतले होते, लवू मेलो आणि साबाजीन होडी घशात घातली. पण ता जाऊंदे. लोक काय, बोलतत. तुझ्या यमूच्या हातात उद्या काय रवलां असतां?" तो होडीकडे वळला. "माका वाटलां, जी होडी लवूक घेवन गेली, ती तुका डोळ्यांसमोर नको. कुसली तर कुसूंदे, असां तुझ्या मनात असतलां. तू बाजाराक जाताना हयसून जायस नाय, वरच्या वाटेन जायस. मी बघी. मगे मी काय म्हणू?"

मी वरच्या वाटेने का जायचे, ते मी त्याला सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

काशीनाथ शेटने टोपी सारखी केली. "बरं, येतो मी," असं कुणाला तरी म्हणाला आणि गेला. गुणाजी रेतीत पायाने रेघा ओढत उभा होता.

"मोडूक कधी घेव?" मेस्त्रीने विचारलं.

"फाल्यां," साबाजी म्हणाला. उद्या.

मी घरी गेले. कोपऱ्यात नारळ होते, त्यातला एक सोलला, शेंडी ठेवली. यमू दारात खेळत होती, तिने विचारलं, आये, खंय जातंस? मी तशीच निघाले. परत आले तेव्हा निम्मी माणसं पांगली होती. मी सरळ साबाजीपुढे गेले आणि नारळ पुढे केला.

"भागे, काय करतंस?" गुणाजी म्हणाला. "फाल्यां मोडूची असा ती."

एक म्हातारी मागून पुटपुटली, "रांडावलेल्या हातचो नारळ..."

साबाजी तिच्याकडे वळला. "वाट्याचो नारळ असा, आयेनू. तेका काय ठावक कोणाच्या कपाळाक काय ता?"

त्याने नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि नाळीजवळ ठेवला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि डाव्या अंगाखालची रेती हातांनी उकरू लागला. मडकं तिथेच होतं. दोन पावसाळे रेतीत बुडालेलं, तोंडाला तेच फडकं बांधलेलं. मी इतके दिवस समजत होते की ते मला हिणवायला ठेवलं आहे. बघ, तुझ्या घरात तेल लावायलासुद्धा माणूस उरला नाही, म्हणून. आतलं तेल काळं आणि दाट झालं होतं.

"अरे साबाजी," मेस्त्री म्हणाला, "चुलीत जावच्या लाकडाक तेल? फुकट घालवतंस."

"मी नारळ घेतलंय," साबाजी म्हणाला.

 मेस्त्री आपली हत्यारं उचलून निघाला. बाकीचेही निघाले. गुणाजी लांब माडाखाली जाऊन बसला.

साबाजीने मागच्या टोकापासून सुरुवात केली. मी मडकं धरून त्याच्याबरोबर सरकत होते. कुंचा फळीवर ओढला की तेल दिसेनासं होई. लाकूड पीत होतं. तो परत ओढी, परत ते पिऊन टाकी. फुटलेल्या फटींत, मेस्त्रीने मोडलेल्या फळीच्या तोंडावर, कुठेही त्याने हात चुकवला नाही. होडी उद्या पाण्यात जाणार असल्यासारखा तो सावकाश, पद्धतशीर लावत होता. मध्येच मी म्हटलं, "जनीक सांगा, मी येतंय म्हणान." त्याने मान हलवली.

पुढच्या अंगाला होडीचं नाव रंगवलेलं होतं. उन्हाने ते पार पुसून गेलं होतं. तेल लागल्यावर अक्षरं पुन्हा वर आली, निळी.

"काय लिवलेलां असा हयसर?" मी विचारलं.

"माका खंय वाचूक येता? लवू म्हणा, शांतादुर्गा."

आम्ही दोघांनी थोडा वेळ त्या अक्षरांकडे बघितलं. मला अक्षरं फार उशिरा आली, यमूच्या मुलीच्या पाटीवर. श शिकले तेव्हा मला त्या फळीची आठवण झाली. ती तेव्हा कधीच कुणाच्या तरी चुलीत गेली होती. मोडताना साबाजीने उजव्या बाजूच्या चांगल्या फळ्या मोजून अर्ध्या माझ्या अंगणात आणून टाकल्या आणि डाव्या बाजूचं सरपण अर्धं आपल्या डोक्यावर नेलं. त्या फळ्यांचं दार आजही माझ्या घराला आहे.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी तो तेल लावत लावत नाळीपाशी आला. तिथे मधोमध त्याची स्वतःची जुनी रेघ होती. अलीकडे पांढुरकं लाकूड, पलीकडे काळं. त्याचा हात सवयीने थांबला. कुंच्यावर तेल होतं आणि ते खाली ठिबकायला लागलं. मग त्याने कुंचा उचलला आणि रेघेवरून पलीकडे ओढत नेला. रेघ दिसेनाशी झाली.

मडक्यात काही उरलं नव्हतं. साबाजी उभा राहिला आणि त्याने फडक्याला हात पुसले.

"तुमच्या बाजूचां झालां, वयनी," तो म्हणाला.